पाड्यावरच्या शाळा : विसर्जन की सहकार?

शहापूरहून शेणव्यामार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हवली हे बाजाराचे गाव लागते. आसपासची गावे आणि पाडे दवाखान्यासाठी, पोलीस ठाण्यासाठी, माध्यमिक शाळेसाठी आणि महाविद्यालयासाठी याच गावाकडे येतात. सहा वर्षांचे मूल मात्र किन्हवलीला येत नाही. त्याची शाळा त्याच्या पाड्यावर असते. दोन खोल्या, एक पडवी, समोर मोकळे अंगण आणि अंगणात ध्वजस्तंभ. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी समाजाच्या वस्त्यांतील कितीतरी घरांना शासन नावाची गोष्ट प्रथम भेटली ती याच दोन खोल्यांत. १५ ऑगस्टला त्या पाड्यावर तिरंगा फडकतो, तो शाळा आहे म्हणून फडकतो.

आज या शाळांचे भवितव्य टांगणीला लागले आहे. पटावर दहा मुले, बारा मुले, कुठे सहाच. शहरात बसून आकडे पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. ‘एवढ्या थोड्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा कशाला? चार शाळा मिटवा, एक मोठी शाळा काढा, मुलांना गाडीने आणा’ हा युक्तिवाद प्रथमदर्शनी बिनतोड भासतो. तो बिनतोड नाही. किंबहुना त्याची तपासणी जितकी कठोरपणे व्हायला हवी होती, तितकी ती झालेली नाही.

निर्णयाची भाषा आणि निर्णयाचे गणित

कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. २०१७ च्या अखेरीस दहा किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला होता. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ हा शब्द पुढे आला. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवण्यात आले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांची उदाहरणे समोर ठेवण्यात आली. विरोध झाल्यावर एकही शाळा बंद केली जाणार नाही, असा खुलासाही करण्यात आला. पण ज्या योजनेत मूळ शाळेतील सर्व मुले दुसरीकडे जाणार, त्या योजनेत मूळ शाळा चालू राहते म्हणजे नेमके काय होते, हे त्या खुलाशातून उलगडले नाही.

त्या वेळी समोर आलेली आकडेवारी बोलकी आहे. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३. त्यांतील विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे सरासरी एका शाळेत साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. आता साधे गणित करावे. बारा-बारा मुलांच्या चार शाळांत आठ शिक्षक आहेत. त्या चार शाळा मिटवून अठ्ठेचाळीस मुलांची एक शाळा केली, की दोन शिक्षक पुरतात. सहा पदे वाचली! तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सगळ्या १,८५,४६७ मुलांना लावले, तर सहा हजारांच्या आसपास शिक्षकांत काम भागते आणि तेवीस हजारांहून अधिक पदांची गरज कागदावर संपते.

प्रस्तावाची भाषा गुणवत्तेची आहे. मुलांना समवयस्क सवंगडी मिळावेत, खेळाचे मैदान मिळावे, संगणक मिळावा, ही तिच्यातील अपेक्षा कोणालाही मान्य होईल. परंतु भाषा गुणवत्तेची आणि गणित पदकपातीचे असेल, तर समाजाने त्या गणिताकडे बोट दाखवायला हवे. गुणवत्ता हेच खरे उद्दिष्ट असेल, तर शासनाने एवढे एकच वचन द्यावे की, एकत्र येणाऱ्या शाळांतील एकही शिक्षक त्या परिसरातून काढला जाणार नाही. हे वचन मिळेपर्यंत शंकेला जागा राहणारच.

अंतर नकाशावरचे आणि अंतर पावसातले

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरवून दिले. हे अंतर ठरवणाऱ्यांनी लहान मुलाच्या पायांचा विचार केला होता. एकत्रीकरणाची योजना मात्र गाडीच्या चाकांचा विचार करते.

शाई आणि काळू या नद्यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या पाड्यांवर चार महिने पाऊस अक्षरशः कोसळतो. जूनमध्ये कोरडा असलेला ओढा जुलैमध्ये मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. डांबरी रस्ता गावापर्यंत येतो, पाड्यापर्यंत येतोच असे नाही. अशा ठिकाणी नकाशावरचे दोन किलोमीटर म्हणजे पहिलीतील मुलीसाठी शाळा आणि घर यांच्यामधला कायमचा पडदा ठरू शकतो. ‘वाहतुकीची सोय करू’ हे आश्वासन कागदावर सोपे आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने ग्रामीण महाराष्ट्राला दाखवून दिले की, ज्याचे शिक्षण गाडीवर अवलंबून आहे, त्याचे शिक्षण गाडीबरोबर थांबते. पाड्यावरची शाळा त्या संपाने बंद पडली नाही, कारण तेथे पोहोचण्यासाठी मुलांना गाडी लागतच नव्हती.

जानेवारी २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातील खिरखंडी गावच्या मुलींची कहाणी पुढे आली. कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून पायी चालत त्या शाळेत जात होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुलींच्या जिद्दीचे कौतुक सर्वांनी केले. पण कौतुकाच्या भरात एक प्रश्न मागे पडला : होडी वल्हवण्याची ताकद नसलेल्या, रानाची भीती वाटणाऱ्या, घरच्यांनी पाठवायला नकार दिलेल्या किती मुली वाटेतच थांबल्या असतील? वृत्तपत्रांत पोहोचलेल्यांच्या कथा छापल्या जातात. न पोहोचलेल्यांची कोठे नोंदही होत नाही.

कातकरी समाजाची स्थिती आणखी बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावरची शाळा असते, तेव्हा शिक्षकाला कोणते कुटुंब कधी जाणार, कोणाचे मूल आजीजवळ राहू शकेल, हे ठाऊक असते. परतलेल्या मुलाला शाळा दारातच दिसते. दूरच्या मोठ्या शाळेत तेच मूल पटावरचे एक गैरहजर नाव उरते. सहा महिन्यांनी ते नावही उरत नाही.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. चीनने २००१ पासून खेड्यांतील लहान शाळा मिटवून मोठ्या केंद्रीय शाळा काढण्याची मोहीम धडाक्याने राबवली. कोवळ्या वयाची मुले वसतिगृहांत गेली, लांबचा प्रवास आणि त्याचा खर्च पालकांच्या माथी आला. अखेर २०१२ मध्ये तेथील केंद्रीय शासनाला या धडाक्याला लगाम घालावा लागला. लोकमताची फारशी तमा न बाळगणाऱ्या राजवटीलाही जी चूक मान्य करावी लागली, तीच चूक लोकशाही महाराष्ट्राने नव्याने करून पाहण्याचे कारण काय?

‘जैसे थे’ हेही उत्तर नव्हे

तथापि, शाळा बंद करण्यास विरोध केला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनाही काही कडू प्रश्न विचारले पाहिजेत. बारा मुले आणि चार-पाच इयत्ता असलेल्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक रजेवर गेला, प्रशिक्षणाला गेला किंवा मतदार यादीच्या कामावर गेला, की उरलेला शिक्षक एकाच वेळी सर्व इयत्ता शिकवतो, पोषण आहारावर लक्ष ठेवतो आणि माहिती भरत बसतो. त्या दिवशी शिक्षण किती होते? वर्गात एकटाच असलेला चौथीचा मुलगा कोणाशी स्पर्धा करणार, कोणाकडून शिकणार? कबड्डीच्या एका संघाला सात खेळाडू लागतात. जेथे साऱ्या शाळेत मिळून बारा मुले, तेथे एका वयाचे सात आणायचे कोठून? एकाकी शाळेत मुले गुदमरतात, हा समूह शाळेच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप खोटा नाही. त्यांचे निदान बरोबर आहे, उपचार चुकला आहे.

पट का घटतो, याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. जन्मदर घटला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे. तरुण कुटुंबे रोजगारासाठी कल्याण, भिवंडी, आसनगाव अशा ठिकाणी जातात. आणि ज्यांना परवडते ते मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालतात. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने अशा शाळांना दार सताड उघडून दिले. एका हाताने खासगी शाळांना मान्यता वाटायची आणि दुसऱ्या हाताने जिल्हा परिषदेच्या शाळेला ‘पट नाही’ म्हणून नोटीस द्यायची, हा विरोधाभास शासनाचा आहे. पण शाळा वाचवा म्हणून मोर्चात पुढे चालणाऱ्या पुढाऱ्याची स्वतःची मुले पिवळ्या बसमधून तालुक्याला जात असतील, तर तो विरोधाभास समाजाचा आहे. दोन्ही विरोधाभास मोडल्याशिवाय ही शाळा टिकणार नाही.

विसरलेला मार्ग

विसर्जन आणि एकाकीपण यांच्यामधला मार्ग कोणाला नव्याने शोधायचा नाही. तो सहा दशकांपूर्वीच आखला गेला आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘शाळा संकुला’ची कल्पना मांडली. उच्च प्राथमिक शाळेने परिसरातील आठ-दहा प्राथमिक शाळांशी जोडून घ्यावे, माध्यमिक शाळेने त्या सर्वांचे पालकत्व पत्करावे आणि शिक्षक, ग्रंथ, साधने यांचा उपयोग सर्वांनी मिळून करावा, असे त्याचे सूत्र होते. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेल्या आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत आयुष्याची उमेदीची वर्षे वेचलेल्या या शिक्षणतज्ज्ञाला खेड्यातील शाळेचे दुखणे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकलेही. १९९४ पासून केंद्र शाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना उभी राहिली; राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली. केंद्रातील शिक्षकांनी एकत्र यावे, परस्परांच्या अडचणी सोडवाव्यात, ही मूळ कल्पना. पुढे झाले काय? पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि असलेले केंद्रप्रमुख माहिती गोळा करणारे टपालवाहक बनले. संकुलाचा आत्मा गेला, अहवाल तेवढे उरले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील अंगणवाड्यांसह खालच्या इयत्तांच्या सर्व शाळा यांचे संकुल असावे, असे हे धोरण सांगते. कोठारी आयोगाने सुचवलेली ही रचना अमलात आली नव्हती, याची कबुलीही देते. शाळांचे एकत्रीकरण करायचेच तर ते अतिशय विचारपूर्वक आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तेव्हाच करावे, असा इशाराही त्यात आहे. धोरणाचे नाव घेऊन शाळा मिटवणाऱ्यांनी त्याचे सातवे प्रकरण पुन्हा वाचावे. त्यात मुख्य भर संकुलावर आहे. संकुलात शाळा जोडल्या जातात, त्यांना कुलूप लावले जात नाही.

प्रवरेचा धडा

सहकार ही तर महाराष्ट्राची स्वतःची विद्या. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा लहान शेतकऱ्यांपुढे प्रश्न हाच होता. दोन-चार एकरांचा धनी एकट्याने कारखाना काढू शकत नव्हता. त्या वेळी कोणी ‘तुमच्या जमिनी एकत्र करून आमच्या नावे करा’ असे सांगितले नाही. ज्याची जमीन त्याच्याकडेच राहिली. एकत्र आला तो ऊस, एकत्र आले ते भांडवल. शेत आपले आणि कारखाना सर्वांचा, हे सहकाराचे मर्म आहे. पुढे सहकारात दोष शिरले, हे खरे. पण त्या दोषांनी ते मर्म खोटे ठरत नाही.

शाळांनाही हेच लागू आहे. वर्ग पाड्याचा राहावा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान आणि विषयशिक्षक सर्वांचे असावेत. बारा मुलांच्या चार शाळा एकेकट्या पाहिल्या तर दरिद्री दिसतात. एकत्र पाहिल्या तर त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस मुलांमागे आठ शिक्षक आहेत. इतके श्रीमंत प्रमाण शहरातील भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळेलाही परवडणार नाही. ही श्रीमंती वापरायची की ‘अतिरिक्त’ ठरवून बदली करायची, एवढाच प्रश्न आहे.

किन्हवली परिसरात काय घडू शकते?

किन्हवलीसारखे गाव अशा संकुलासाठी जणू घडवलेलेच आहे. माध्यमिक शाळा आहे, महाविद्यालय आहे, बाजारपेठ आहे आणि पाड्यांचे या गावाशी नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मुरबाड तालुक्यात सरळगाव, टोकावडे अशा गावांचे स्थानही असेच आहे.

पहिली-दुसरीची मुले पाड्यावरून हलू नयेत, हा पहिला नियम असावा. प्रत्येक शाळेचा एक शिक्षक त्या पाड्याचा कायमचा शिक्षक राहावा. दुसऱ्या शिक्षकांनी मात्र आपापला हातखंडा विषय घेऊन संकुलातील शाळांत फिरावे : एकाने गणित, एकाने इंग्रजी, एकाने विज्ञान, एकाने चित्रकला आणि खेळ. बारा मुलांना जीपमध्ये कोंबून रोज पाच किलोमीटर नेण्यापेक्षा एका शिक्षकाने दुचाकीवरून ते अंतर कापणे स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि शहाणपणाचेही आहे. त्याचा इंधनखर्च शासनाने विनातक्रार द्यावा. कोणी रजेवर गेला तर फिरत्या शिक्षकांपैकी एकाने ती शाळा सांभाळावी, म्हणजे संकुलातील एकाही शाळेचे दार एकाही दिवशी बंद राहणार नाही.

आठवड्यातून एक दिवस, पावसाचा जोर ओसरल्यावर, तिसरीपासूनच्या मुलांना एकत्र आणावे. तेथे कबड्डीचा संघ होईल, वक्तृत्व स्पर्धा होईल, माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून पाहता येईल. एकाकीपणावरचा हा उपाय आहे आणि त्यासाठी कोणाचीही शाळा बंद करावी लागत नाही. पुस्तकांच्या पेट्या दर महिन्याला एका शाळेतून दुसरीकडे जाव्यात. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी पाड्यावर वर्ग घ्यावेत. त्यांच्यापैकी अनेक जण याच शाळांतून पुढे गेलेले असतील.

संकुलाचा कारभार केवळ कार्यालयाच्या हाती राहू नये. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन घातले. या समित्या एकेकट्या दुबळ्या आहेत. आठ-दहा समित्यांनी मिळून संकुल समिती स्थापली, तर शिक्षक का नेमला नाही, हे विचारायला जिल्हा परिषदेच्या दारात एक पालक जाणार नाही, एक परिसर जाईल.

पानशेतचे काय, असे विचारले जाईल. जेथे पक्का रस्ता आहे, गाड्यांची हमी आहे, उद्योगसमूहांच्या निधीची जोड आहे आणि पालकांची राजीखुशी आहे, तेथे तो प्रयोग जरूर व्हावा. एखाद्या पाड्यावर दोनच मुले उरली असतील आणि पालकच दुसरी शाळा मागत असतील, तर तेथे हट्ट धरू नये. पण उत्तम रस्त्याकाठचा प्रयोग ओढ्यापलीकडच्या पाड्यावर हुकमाने लादणे, हे धोरण नव्हे. निर्णय ग्रामसभेत व्हावा, पावसाळ्यात व्हावा आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्या दिवशी मुलांच्या वाटेने चालत यावे.

उत्तरदायित्व कोणाचे?

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघरमध्ये असलेल्या बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी एक वेगळा वस्तुपाठ घालून दिला होता. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झाले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर गेली. मूल शाळेपर्यंत पोहोचू शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्या दोघींनी ज्या मातीत सिद्ध करून दाखवले, त्याच मातीत आज सात दशकांनंतर शाळा मुलापासून दूर नेण्याच्या योजना आखल्या जाव्यात, याला प्रगती कसे म्हणायचे?

मुंबई महानगर तानसा आणि भातसा येथील पाण्यावर जगते. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. ज्या भूमीने महानगराला पाणी दिले, त्या भूमीतील पाड्याला दोन खोल्यांची शाळा परवडत नाही, असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही. शासनाने शिक्षकांची पदे कायम ठेवून संकुलाला बळ द्यावे. शिक्षकांनी ‘माझी शाळा’ या कुंपणाबाहेर येऊन शेजारच्या पाड्यावरील मुलांनाही आपले मानावे. आणि परिसरातील जाणत्यांनी मोर्चाच्या दिवशी दिलेली हाक वर्षभर पाळावी, आपल्या घरापासून पाळावी.

पाड्यावरची शाळा बंद होते तेव्हा वृत्त येत नाही, घंटा वाजत नाही. एक दिवस अंगणातला ध्वजस्तंभ तसाच उभा असतो आणि त्यावर ध्वज चढवायला कोणी नसते. ती वेळ किन्हवलीच्या पाड्यांवर येऊ द्यायची की नाही, हे मंत्रालयात ठरण्यापूर्वी किन्हवलीनेच ठरवलेले बरे.